बेंबळी येथून दिसणारी चंद्रग्रहणे

बेंबळी हे धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील गाव सुमारे १८ अंश उत्तर अक्षांश आणि ७६ अंश पूर्व रेखांशाच्या परिसरात आहे. एखादे चंद्रग्रहण येथून दिसेल की नाही, हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते: ग्रहणाच्या वेळी चंद्र येथील क्षितिजाच्या वर असला पाहिजे. सूर्यग्रहणाची दृश्यता आणि ग्रासमान ठिकाणागणिक बदलते. चंद्रग्रहणाचे तसे नसते.

ग्रहणाची वेळ आणि स्थानिक क्षितिज

चंद्रग्रहणात पृथ्वीची छाया प्रत्यक्ष चंद्रावर पडते. चंद्राचा प्रकाश खरोखरच कमी झालेला असल्याने, ज्यांना त्या क्षणी चंद्र दिसतो त्या सर्वांना तो सारखाच ग्रासलेला दिसतो. त्यामुळे स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन आणि मोक्ष या पाचही अवस्थांच्या भारतीय प्रमाणवेळा बेंबळी, मुंबई आणि गुवाहाटी येथे एकच असतात. गावागणिक बदलतात त्या फक्त चंद्रोदयाच्या आणि चंद्रास्ताच्या वेळा. बेंबळीची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे २५ मिनिटे मागे आहे. म्हणजे पूर्व भारताच्या तुलनेत चंद्र येथे उशिरा उगवतो आणि उशिरा मावळतो.

चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होते आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवून सूर्योदयाच्या सुमारास मावळतो. यावरून एक सोपा नियम मिळतो. ग्रहणाचा जो भाग बेंबळीच्या सूर्यास्त ते सूर्योदय या काळात येतो, तेवढाच येथून दिसतो. चंद्र ग्रासलेल्या स्थितीत उगवला तर त्या ग्रहणास ग्रस्तोदित आणि तसाच मावळला तर ग्रस्तास्त म्हणतात. प्रत्येक पौर्णिमेला ग्रहण होत नाही, कारण चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी सुमारे ५ अंशांचा कोन करते. पौर्णिमेच्या वेळी चंद्र राहू किंवा केतू या पातबिंदूंजवळ असावा लागतो.

‘भारतात दिसणारे’ ग्रहण

वृत्तपत्रांतील ‘ग्रहण भारतात दिसेल’ हे विधान एखाद्या गावासाठी पुरेसे नसते. ८ नोव्हेंबर २०२२ रोजी, कार्तिक पौर्णिमेला झालेले खग्रास ग्रहण याचे चांगले उदाहरण आहे. त्याची खग्रास स्थिती सायंकाळी ५:११ वाजता संपली आणि मोक्ष ६:१९ वाजता झाला. ईशान्य भारतात चंद्र तोपर्यंत उगवला होता. कोलकात्यालाही खग्रास स्थितीची शेवटची सुमारे २० मिनिटे मिळाली. बेंबळी परिसरात चंद्रोदयच ५:५० च्या सुमारास असल्याने येथे फक्त खंडग्रास स्थितीचा शेवटचा अर्धा तास उरला, तोही पूर्व क्षितिजालगत.

३ मार्च २०२६ च्या, फाल्गुन पौर्णिमेच्या खग्रास ग्रहणात हा अवधी आणखी आखडतो. खग्रास स्थिती सायंकाळी ४:३४ ते ५:३३, मोक्ष ६:४७ वाजता आणि बेंबळीचा चंद्रोदय साडेसहाच्या सुमारास. म्हणजे दृश्य भाग जेमतेम पाव तासाचा. संधिप्रकाशात आणि क्षितिजावरील धूसरतेत तो सहज निसटतो. पूर्वेला झाडे वा टेकाड नसलेली मोकळी जागा अशा ग्रहणासाठी आवश्यक ठरते.

याउलट ७ सप्टेंबर २०२५ चे खग्रास ग्रहण सुरुवातीपासून शेवटपर्यंत बेंबळीच्या क्षितिजावर होते. स्पर्श रात्री ९:५७, मध्य ११:४१ आणि मोक्ष मध्यरात्रीनंतर १:२६ वाजता झाला. खग्रास स्थिती ८२ मिनिटांची होती. मध्याच्या वेळी चंद्र आकाशात बराच उंच होता.

पावसाळा

क्षितिजाची अट पूर्ण झाली तरी आकाश निरभ्र असावे लागते. २७-२८ जुलै २०१८ चे खग्रास ग्रहण या शतकातील सर्वांत दीर्घ. त्याची खग्रास स्थिती १०३ मिनिटांची होती आणि ते संपूर्ण भारतातून दृश्य होते. पण ते आषाढात आले. मराठवाडा पर्जन्यछायेचा प्रदेश असला तरी जून ते सप्टेंबर या काळात ढगांचे आच्छादन असतेच. हिवाळ्यातील ग्रहणे दोन कारणांनी सोयीची: आकाश स्वच्छ असते आणि पौर्णिमेचा चंद्र उत्तरेकडे सरकलेला असल्याने मध्यरात्री जवळजवळ माथ्यावर येतो.

छायाकल्प ग्रहण

चंद्र पृथ्वीच्या केवळ उपच्छायेतून गेल्यास छायाकल्प ग्रहण होते. यात चंद्रबिंब किंचित मंद होते. बहुतेकदा हा फरक नुसत्या डोळ्यांना कळतही नाही. पंचांगपरंपरेत छायाकल्प ग्रहणाचे तसेच त्या ठिकाणी न दिसणाऱ्या ग्रहणाचे वेध पाळले जात नाहीत. त्यामुळे आचार पाळणाऱ्यांच्या दृष्टीनेही गावाची दृश्यता हा प्रश्न महत्त्वाचा असतो. २८ ऑक्टोबर २०२३ च्या कोजागरीला तो विशेष चर्चेत होता, कारण त्या रात्री १:०५ ते २:२२ दरम्यान खंडग्रास ग्रहण होते आणि चंद्राचा जेमतेम आठवा भाग ग्रासला जाऊनही वेध पौर्णिमेच्या ऐन सायंकाळी येत होते. ग्रहणामुळे दूध वा अन्न दूषित होते, याला वैज्ञानिक आधार नाही.

पुढील ग्रहणे

२८ ऑगस्ट २०२६ चे मोठे खंडग्रास ग्रहण चंद्रास्तानंतर होत असल्याने बेंबळीतून दिसत नाही. २०२७ मध्ये केवळ छायाकल्प ग्रहणे आहेत. ६ जुलै २०२८ रोजी रात्री खंडग्रास ग्रहण असून मध्य ११:५० वाजता आहे. त्यात बिंबाच्या व्यासाचा सुमारे ३९ टक्के भाग ग्रासला जाईल. ३१ डिसेंबर २०२८ चे खग्रास ग्रहण येथून संपूर्ण दिसेल: स्पर्श रात्री ८:३७, खग्रास स्थिती ९:४६ ते १०:५८, मोक्ष १२:०६. मोक्षाच्या वेळी चंद्र माथ्याजवळ असेल. २१ डिसेंबर २०२९ च्या पहाटेचे खग्रास ग्रहणही (मध्य ४:१२) चंद्रास्तापूर्वीच पूर्ण होते.

ग्रहणांची पुनरावृत्ती १८ वर्षे ११ दिवस आणि सुमारे ८ तासांच्या सारोस चक्राने होते. त्या ८ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून लागोपाठची दोन ग्रहणे एकाच गावी सारखी दिसत नाहीत. २८ ऑगस्ट २००७ रोजी याच मालिकेतील ग्रहण बेंबळीला चंद्रोदयापूर्वीच सुटले होते, २०२५ मध्ये ते संपूर्ण दिसले आणि १९ सप्टेंबर २०४३ रोजी ते ग्रस्तास्त असेल. खग्रास स्थिती येण्याआधीच चंद्र मावळेल.

निरीक्षण

चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहणे पूर्णतः सुरक्षित आहे. द्विनेत्रीतून पृथ्वीच्या छायेची वक्र कड स्पष्ट दिसते. खग्रास स्थितीत चंद्र अदृश्य न होता तांबूस होतो, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वळलेला लाल प्रकाश छायेत पोहोचतो. वातावरणात धूळ किंवा ज्वालामुखीची राख अधिक असल्यास हा रंग गडद होतो.