'डार्क शॅडोज'च्या कादंबऱ्या : मालिकेशी विसंगती आणि चाहत्यांची निष्ठा

दूरचित्रवाणीच्या मालिकेवर बेतलेल्या कादंबऱ्यांची वाङ्मयेतिहासात सहसा दखल घेतली जात नाही. समीक्षक त्यांना उष्टे साहित्य समजतात. दूरचित्रवाणीचे इतिहासकार त्यांची गणना खेळणी व भित्तिचित्रे ह्यांच्या जोडीने विक्रीच्या मालात करतात. ह्या दोन्ही उपेक्षांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. ते असे की, अशी कादंबरी म्हणजे मालिकेची प्रतिकृती, आणि ती जितकी मुळाबरहुकूम तितकी चाहत्यांस प्रिय. हे गृहीत कितपत टिकते ते पाहावयाचे झाल्यास अमेरिकेतील 'डार्क शॅडोज' ह्या अद्भुतरम्य मालिकेच्या नावाने १९६६ ते १९७२ ह्या काळात निघालेल्या ३२ कादंबऱ्यांइतके सोयीचे साधन क्वचितच मिळेल. कारण ह्या कादंबऱ्या मालिकेशी जवळजवळ पावलोपावली विसंगत आहेत, आणि तरीही चाहत्यांनी त्या टाकून दिल्या नाहीत.

मालिकेचा वृत्तान्त प्रथम थोडक्यात सांगणे अवश्य आहे. डॅन कर्टिस ह्यांनी निर्मिलेली 'डार्क शॅडोज' एबीसी ह्या वाहिनीवर २७ जून १९६६ रोजी सुरू झाली आणि २ एप्रिल १९७१ रोजी संपली. आठवड्यातून पाच दिवस, दुपारी, अर्ध्या तासाचा एक भाग, ह्या क्रमाने तिचे १,२२५ भाग प्रसारित झाले. मेन राज्यातील कॉलिन्सपोर्ट ह्या कल्पित गावी कॉलिनवुड नावाचा जुना वाडा आहे. तेथे व्हिक्टोरिया विंटर्स ही अनाथ तरुणी एका मुलाची शिक्षिका म्हणून येते, येथून कथेला आरंभ होतो. शार्लट ब्राँटीच्या 'जेन एअर'पासून चालत आलेला हा साचा वाचकांच्या सहज ध्यानात येईल. आरंभी कथा कौटुंबिक गुपितांभोवती फिरत होती. पुढे भुते आली, आणि एप्रिल १९६७ मध्ये कॉलिन्स घराण्याच्या दफनगृहातील साखळदंडांनी जखडलेल्या शवपेटीतून बार्नबस कॉलिन्स बाहेर पडला. आपण इंग्लंडहून आलेले दूरचे आप्त आहोत अशी बतावणी करणारा हा गृहस्थ वस्तुतः सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा व्हॅम्पायर. (व्हॅम्पायर ह्या शब्दास मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. वेताळ प्रेतात शिरतो हे खरे, परंतु रक्ताची तहान हे काही त्याचे व्यवच्छेदक लक्षण नव्हे. म्हणून येथे 'रक्तपिपासू पिशाच्च' असा वर्णनपर शब्द योजणेच बरे.) ही भूमिका थोड्या काळापुरती योजलेली होती. तथापि जोनाथन फ्रिड ह्या कॅनेडियन नटाने तिला जे खिन्न, सापराध रूप दिले ते प्रेक्षकांना, विशेषतः शाळेतून धावत घरी येणाऱ्या मुलामुलींना, इतके भावले की पुढे मालिकाच बार्नबसची झाली.

कादंबऱ्यांचा जन्म मात्र बार्नबसच्या आधीचा. पेपरबॅक लायब्ररी ह्या प्रकाशनसंस्थेने 'डार्क शॅडोज' ही पहिली कादंबरी १९६६ च्या डिसेंबरात काढली. १९६० मध्ये व्हिक्टोरिया होल्ट ह्यांच्या 'मिस्ट्रेस ऑफ मेलिन'ला मोठे यश मिळाल्यापासून कागदी बांधणीच्या गॉथिक कादंबऱ्यांचे अमेरिकेत पेव फुटले होते. त्यांचे मुखपृष्ठही ठरलेले : रात्रीची वेळ, मागे वाडा, त्याच्या एकाच खिडकीत दिवा, आणि पुढे पळत सुटलेली तरुणी. ह्या कादंबऱ्या स्त्रियांसाठी असत, आणि त्या स्त्रीनेच लिहिलेल्या असाव्यात असा संकेत होता. 'डार्क शॅडोज'च्या मुखपृष्ठावर म्हणूनच 'मॅरिलिन रॉस' असे नाव आहे. प्रत्यक्ष लेखक पुरुष होते. न्यू ब्रन्सविक प्रांतातील सेंट जॉन येथे जन्मलेले विल्यम एडवर्ड डॅनियल रॉस (१९१२–१९९५) ह्यांनी आपल्या पत्नीचे नाव टोपणनाव म्हणून घेतले होते. त्यांच्या नावावर निरनिराळ्या टोपणनावांनी लिहिलेल्या तीनशेहून अधिक कादंबऱ्या आहेत. अशा लेखकाकडून शैलीची अपेक्षा करणे व्यर्थ होय, आणि ती पुरीही होत नाही. संवाद लाकडी आहेत, विशेषणे झिजलेली आहेत, कथानके एकमेकांवर छापल्यासारखी आहेत. हे दोष झाकण्याचे कारण नाही.

ह्या मालेतील ग्रंथनामांकडे भाषेच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र एक उद्बोधक क्रम आढळतो. पहिल्या पाच नावांत मालिका, नायिका आणि स्थळ आहे : 'डार्क शॅडोज', 'व्हिक्टोरिया विंटर्स', 'स्ट्रेंजर्स ॲट कॉलिन्स हाऊस', 'द मिस्टरी ऑफ कॉलिनवुड', 'द कर्स ऑफ कॉलिनवुड'. ह्यांतील शेवटच्या दोन १९६८ च्या, म्हणजे बार्नबस पडद्यावर येऊन बराच काळ लोटल्यानंतरच्या. तरीही ह्या पाचांपैकी एकीतही तो नाही. त्याच वर्षी निघालेल्या सहाव्या कादंबरीचे नाव केवळ 'बार्नबस कॉलिन्स' असे आहे, आणि तेथपासून बत्तिसाव्यापर्यंत एकही ग्रंथनाम त्याच्यावाचून नाही. पंधराव्या कादंबरीपर्यंत त्याचा उल्लेख आडनावासह होतो. सोळाव्यापासून, म्हणजे १९७० पासून, आडनाव गळते आणि 'बार्नबस, क्वेंटिन अँड' हा तीन शब्दांचा ठोकळा सतरा ग्रंथनामांच्या आरंभी कायम राहतो. बदलते ते फक्त शेवटचे पद. कोठे ममीचा शाप, कोठे स्फटिकाची शवपेटी, कोठे डॉक्टर जेकिलचा मुलगा. स्थळाकडून व्यक्तीकडे, आणि पूर्ण नावाकडून घरगुती एकेरी नावाकडे झालेला हा प्रवास प्रकाशकाने ठरवून केला असेल वा नसेल. परंतु वाचकाचे ह्या पात्राशी कसले नाते जडले होते त्याचा हा लेखी पुरावा होय. आडनाव परक्याला लावावे लागते.

मुखपृष्ठांनीही हीच वाट धरली. पळणारी तरुणी मागे पडून लंबवर्तुळाकार चौकटीत फ्रिड ह्यांचे छायाचित्र आले. एवढेच नव्हे, तर पहिल्या पाच कादंबऱ्यांच्या पुढील मुद्रणांवरही बार्नबस झळकू लागला. आतल्या पानांत ज्याचा मागमूस नाही त्याचे चित्र बाहेर! ह्यात व्यापारी लबाडी आहे हे उघड आहे. पण त्या लबाडीने मालेची पत बुडाली नाही. १९६९ मध्ये सहा कादंबऱ्या निघाल्या होत्या. १९७० मध्ये बारा, म्हणजे सरासरीने महिन्यास एक.

आता विसंगतीकडे वळू. मालिकेच्या मूळ कथेप्रमाणे अठराव्या शतकाच्या अखेरीस अँजेलिक नावाच्या चेटकिणीने बार्नबसला शाप दिला, आणि बापाने त्याला शवपेटीत कोंडले. १९६७ पर्यंत तो तेथेच होता. त्याच्या खिन्नतेचा सारा आधार ह्या दीर्घ बंदिवासात आहे. रॉस ह्यांच्या कादंबऱ्यांत हा बंदिवासच नाही. तेथे बार्नबस एकोणिसाव्या शतकात कधी मेनमध्ये, कधी इंग्लंडात मोकळा हिंडतो, पिढ्यान्पिढ्या कॉलिनवुडला पाहुणा म्हणून येतो, आणि जातो. मालिकेत तो आरंभी क्रूर आहे, माणसे मारतो, एका तरुणीस पळवून तिला आपल्या मृत प्रेयसीचे रूप देऊ पाहतो. कादंबऱ्यांत तो बव्हंशी सभ्य, दुःखी, स्त्रियांशी अदबीने वागणारा गृहस्थ आहे, आणि त्याच्या दंशाने सहसा कोणी मरत नाही. मालिकेतला क्वेंटिन मोहक व दुर्दैवी आहे. कादंबऱ्यांतला पुष्कळदा खलनायक असून तो वेषांतर करून वावरतो, आणि नव्याने आलेल्या पात्रांपैकी क्वेंटिन कोण हे ओळखणे हा वाचकाचा एक खेळच होऊन बसतो. खुद्द कादंबऱ्यांचा परस्परांशीही मेळ बसत नाही.

मग चाहत्यांना त्यांत काय मिळाले? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आजचा अभ्यासक एका गोष्टीचा विसर पडून चुकतो. १९७० च्या सुमारास मालिकेचा भाग एकदा प्रसारित झाला की तो प्रेक्षकाच्या हातून कायमचा गेला. घरोघरी चित्रफितीची सोय नव्हती. दुपारी चारच्या सुमारास ज्याला घरी पोचता आले नाही त्याच्या दृष्टीने तो भाग घडलाच नाही. काही चाहते दूरचित्रवाणी संचासमोर ध्वनिमुद्रक ठेवून निदान आवाज तरी टिपून ठेवीत; पुढे मालिकेच्या सर्व भागांपैकी १,२१९ क्रमांकाचा जो एकच भाग हरवल्याचे निष्पन्न झाले, तो अशाच घरगुती ध्वनिमुद्रणाच्या आधारे जुळवावा लागला. अशा परिस्थितीत एका डॉलरहून कमी किमतीचे, खिशात मावणारे, कधीही उघडता येणारे पुस्तक म्हणजे बार्नबसच्या सहवासाचे हक्काचे साधन होते. ते मालिकेशी ताडून पाहावे तर ताडावयास मालिका हाताशी कोठे होती? प्रेक्षकाजवळ होती ती केवळ स्मृती. आणि स्मृतीत कथानकाचे दुवे राहत नाहीत, माणसे राहतात, वास्तू राहते, आवाज राहतो.

रॉस ह्यांनी जाणून असो वा घाईपोटी असो, नेमके एवढेच जतन केले. बार्नबसचे खांद्यावरून रुळणारे आच्छादन, लांडग्याच्या तोंडाची रुपेरी मूठ असलेली काठी, काळ्या खड्याची अंगठी, कपाळावर आलेले केस, हे वर्णन जवळजवळ त्याच शब्दांत पुस्तकामागून पुस्तकात येते. समीक्षक ह्याला पुनरुक्ती म्हणतील. परंतु मौखिक परंपरेतील वाङ्मयाचा ज्यांना परिचय आहे त्यांना अशा ठरीव विशेषणांचे कार्य निराळे सांगावयास नको. ती माहिती देण्यासाठी नसतात. ती मूर्तीचे आवाहन करण्यासाठी असतात. ठरीव शब्द उच्चारले गेले की श्रोत्याच्या मनात आधीपासून असलेले रूप उभे राहते. येथे ते रूप फ्रिड ह्यांनी दिलेले होते. लेखकाने केवळ हाक मारावयाची होती.

दुसरे कारण रचनेचे आहे. दैनिक मालिकेचा धर्म असा की तिने काहीही संपवू नये. शुक्रवारचा भाग सोमवारसाठी अडकवून ठेवावयाचा असतो. उलट रॉस ह्यांची प्रत्येक कादंबरी संपते : तरुणी वाड्यात येते, बार्नबसकडे ओढली जाते, गावात हल्ले होतात, संशय बार्नबसवर येतो, खरा अपराधी दुसराच निघतो, आणि बार्नबस कोणाचाही न होता रात्रीच निघून जातो. ज्याच्यावर लोक संशय घेतात तो निरपराध ठरावा, पण त्याला घर मात्र मिळू नये, हे समाधान आणि ही हुरहूर दोन्ही मालिकेने इतक्या आटोपशीरपणे कधी दिली नाहीत. शाळकरी वयाच्या वाचकास ह्यातील कोणता भाग अधिक जवळचा वाटला असेल ह्याची कल्पना करणे कठीण नाही. मालिकेच्या शेवटाने तर चाहत्यांची निराशाच केली. अखेरच्या सुमारे दोन महिन्यांत कथा १८४१ सालच्या एका समांतर काळात गेली; फ्रिड तेथे ब्रॅमवेल नावाच्या निराळ्याच पात्राची भूमिका करीत होते, आणि बार्नबस निरोप न घेताच पडद्यावरून नाहीसा झाला. छापील बार्नबस मात्र १९७१ च्या सात कादंबऱ्यांत आणि १९७२ च्या अखेरच्या कादंबरीत जिवंत होता, जिवंत हा शब्द त्याच्या बाबतीत जितपत लागू पडेल तितपत.

ह्या विवेचनाचा पडताळा पुढील काळात मिळतो. १९८० च्या दशकात अमेरिकेतील सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्रांवरून मालिकेचे पुनःप्रसारण झाले, १९८३ पासून चाहत्यांचे वार्षिक मेळावे भरू लागले, आणि १९८९ पासून मालिका चित्रफितींवर विकत मिळू लागली. प्रेक्षकाजवळ आता स्मृतीऐवजी संहिता आली, आणि तिच्याबरोबर पाठभेद तपासण्याची वृत्तीही आली. १९९८ मध्ये अँजेलिकची भूमिका करणाऱ्या लारा पार्कर ह्यांनी 'अँजेलिक्स डिसेंट' ही कादंबरी लिहिली. तिच्यात अँजेलिकचे मार्टिनिक बेटावरील बालपण आहे. मालिकेत जे सांगावयाचे राहिले ते भरून काढणे हा तिचा उद्देश असून मालिकेत जे घडले ते ती मोडत नाही. पार्कर ह्यांनी ह्यानंतर आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या. रॉस मालिकेच्या शेजारी स्वतंत्र घर बांधतात. पार्कर त्याच वाड्यातील बंद खोल्या उघडतात. पार्कर ह्यांचे लेखन वाङ्मयीन दृष्ट्या सरस आहे ह्यात शंका नाही. परंतु हा फरक केवळ लेखकांच्या कुवतीचा नव्हे. पार्कर ह्यांचा वाचक मालिका पुन्हा पाहू शकत होता, रॉस ह्यांचा पाहू शकत नव्हता.

आणि तरीही जुन्या कादंबऱ्या बाद झाल्या नाहीत. अलीकडे त्यांचे पुनर्मुद्रण झाले असून, मालिकेत मॅगी एव्हान्सची भूमिका करणाऱ्या कॅथरिन ली स्कॉट ह्यांच्या आवाजात त्या ध्वनिपुस्तकांच्या रूपानेही उपलब्ध झाल्या आहेत. मालिकेचे जवळजवळ सर्व भाग घरबसल्या पाहता येत असताना त्या ऐकणाऱ्यांना त्यांतील विसंगती ठाऊक नाहीत असे म्हणता येणार नाही.