अमेरिकेत तर सरकारच पैसे देतंय

काकूने पाटल्या मोडल्या त्या एका वाक्यावर.

काकांना कंपवात होऊन सात वर्षं झाली होती. कप बशीत ठेवताना होणारा खडखडाट आम्हा सगळ्यांच्या सवयीचा झाला होता. एका क्लिनिकमधल्या माणसाने स्टेम सेलच्या इंजेक्शनांचं पॅकेज समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "अमेरिकेत तर सरकारच यासाठी कोट्यवधी डॉलर देतंय." मी तिथेच मोबाइलवर शोधलं. माहिती खरी होती. काकूने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली.

इंजेक्शनांनी काही फरक पडला नाही. ते पैसे कोणी मागितले आणि कशासाठी मिळाले, हे मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

नोव्हेंबर १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातल्या मूलपेशी वेगळ्या करून प्रयोगशाळेत वाढवल्याचं जाहीर केलं. या पेशींपासून शरीरातली जवळपास कुठलीही पेशी घडू शकते. मधुमेहात स्वादुपिंडातल्या, कंपवातात मेंदूतल्या मेलेल्या पेशींच्या जागी नव्या बसवता येतील, अशी आशा त्यातून निर्माण झाली. पण या पेशी काढताना काही दिवसांचा भ्रूण नष्ट होतो. तो टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांतून उरलेला असला, तरी कॅथलिक चर्च आणि लाखो अमेरिकनांच्या लेखी ते एक मानवी जीवनच होतं. शिवाय, भ्रूण नष्ट करणाऱ्या संशोधनाला केंद्राचा पैसा देण्यावर १९९६ पासून बंदी होतीच.

९ ऑगस्ट २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी टीव्हीवरून मधला मार्ग जाहीर केला. त्या रात्री नऊपूर्वी तयार झालेल्या सेल लाइन्सवर संशोधन करायला केंद्र पैसे देईल, त्यानंतरच्या लाइन्सवर नाही. खासगी पैशावर बंदी नव्हती. मग जगभरातल्या ६४ लाइन्सची यादी निघाली. त्यात ३ बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसच्या होत्या आणि ७ चक्क मुंबईच्या, रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या. प्रत्यक्षात शास्त्रज्ञांच्या हाती पडण्याजोग्या लाइन्स जेमतेम वीसेक निघाल्या.

मग रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मैदानात उतरले. 'सुपरमॅन' क्रिस्टोफर रीव्ह १९९५ मध्ये घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झाला होता. व्हीलचेअरवरून, व्हेंटिलेटरच्या आधाराने तो सरकारी निधीची मागणी करत राहिला. रोनाल्ड रेगन अल्झायमरने आजारी असताना नॅन्सी रेगन स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध बोलल्या. अल्झायमरवर मूलपेशींचा उपयोग होणं अवघड आहे, असं तेव्हाही काही शास्त्रज्ञ सांगत होते. पण त्या भावनेपुढे ही सूचना फारशी कोणाला ऐकू गेली नाही.

वॉशिंग्टनचं दार उघडेना, तेव्हा कॅलिफोर्नियाने वेगळी वाट काढली. बॉब क्लाइन हे घरबांधणी व्यवसायातले गृहस्थ, मुलाला टाइप १ मधुमेह. कर्जरोखे काढून पैसा कसा उभा करायचा, हे त्यांना धंद्यातून ठाऊक होतं. त्यांनी 'प्रपोझिशन ७१'चा मसुदा पुढे आणला: राज्याने ३०० कोटी डॉलरचे रोखे काढायचे आणि मूलपेशी संशोधनासाठी स्वतंत्र संस्था उभारायची. व्याज धरून हा बोजा साधारण ६०० कोटींवर जाणार होता. मतदानाच्या तीन आठवडे आधी रीव्ह वारला. त्याने आधी चित्रित केलेली जाहिरात त्याच्या मृत्यूनंतर टीव्हीवर दिसली. २ नोव्हेंबर २००४ रोजी ५९ टक्के मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. विरोधकांच्या खटल्यांमुळे रोखे २००७ पर्यंत अडकले, तेव्हा गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी राज्याच्या तिजोरीतून १५ कोटींचं कर्ज दिलं.

ते कर्ज जाहीर झालं त्याच्या आदल्याच दिवशी, १९ जुलै २००६ रोजी, बुश यांनी कारकिर्दीतला पहिला नकाराधिकार वापरून केंद्राचा निधी वाढवणारं विधेयक परत पाठवलं होतं. त्या वेळी व्हाइट हाउसमध्ये त्यांच्याभोवती दत्तक घेतलेल्या गोठवलेल्या भ्रूणांतून जन्मलेली मुलं होती. एका बाजूने व्हीलचेअर, दुसऱ्या बाजूने बाळं. दोघांचंही म्हणणं खरं होतं, आणि दोघांकडे बघून रडू येत होतं. प्रयोगशाळेत किती वर्षं लागतील हा प्रश्न मात्र दोन्ही फोटोंत मावणारा नव्हता.

त्या प्रश्नाचं उत्तर हळूहळू आलं. २००९ मध्ये ओबामांनी बुश यांचे निर्बंध उठवले. २०१० मध्ये जेरॉन कंपनीने पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांवर भ्रूण मूलपेशींची चाचणी सुरू केली आणि वर्षभरात, पैशाचं कारण देऊन, थांबवली. दरम्यान जपानमध्ये शिन्या यामानाका यांनी साध्या पेशींनाच मूलपेशींसारखं बनवून दाखवलं होतं. २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कॅलिफोर्नियाच्या पैशाला फळ आलं, पण भलत्याच फांदीवर. जन्मतः रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांच्या स्वतःच्याच रक्त-मूलपेशींतला जनुकदोष दुरुस्त करण्याच्या उपचाराला या संस्थेनेही पैसा पुरवला होता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ५० पैकी ४८ मुलांमध्ये तो यशस्वी ठरला होता. जाहिरातींतला मधुमेह, कंपवात, लुळेपणा मात्र तिथेच होता. २०२० मध्ये आणखी ५५० कोटींचा प्रस्ताव आला, तोही मंजूर झाला, पण या वेळी जेमतेम ५१ टक्क्यांनी.

मी रीव्हला किंवा क्लाइनना दोष देत नाही. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्यानेच आवाज उठवला, म्हणून तर ती ४८ मुलं आज शाळेत जाऊ शकतात. पण मतं मिळवताना 'शोधू या' या शब्दांच्या जागी हळूच 'बरं होईल' आलं. निवडणूक संपली तरी ते शब्द राहिले, समुद्र ओलांडून आले आणि कुणाच्या तरी माहितीपत्रकात छापले गेले.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसारखे काही ठरावीक उपचार सोडले, तर मूलपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच व्हायला हवा. आम्ही क्लिनिकमध्ये बसलो होतो तेव्हाही ही तत्त्वं होती, आणि मोबाइल माझ्या हातातच होता. मी फक्त सरकार पैसे देतंय का एवढंच शोधलं. कशासाठी देतंय, हे शोधलं असतं तर कळलं असतं की उत्तर अजून सापडलेलं नाही, म्हणूनच देतंय.

काकूने मला कधी काही विचारलं नाही. काकांचा चहा आता ती स्टीलच्या पेल्यात देते, अर्धाच भरून.