४११ मीटरवरचा काटा

१९४८ साल. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यातला एक तालुका. उत्तरेला पैनगंगा, आणि नदी ओलांडली की स्वतंत्र भारत. या धाग्यात त्या काळच्या रेडिओच्या दर्शनी बाजूवरच्या कळी फिरवून पाहू. हैदराबादच्या मुक्तिलढ्याची एक बाजू तिथेच दिसते.

पहिली कळ आवाजाची. तीच सेट चालू करी. पण कळ फिरवली आणि आवाज आला असे होत नसे. काचेचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत वाट पाहावी लागे. दुसरी कळ पट्टा बदलण्याची, मध्यम लहरी की लघु लहरी. तिसरी स्वराची, ती फिरवून तीक्ष्ण स्वर दाबले की खरखर थोडी कमी होई. वीज नसलेल्या गावी हे सारे कोरड्या बॅटरीवर चाले. त्यामुळे ऐकणे काटकसरीचे, ठरलेल्या वेळेपुरतेच.

खरी कळ चौथी, स्टेशन लावण्याची. तिला जोडलेली बारीक दोरी चाकांवरून फिरून काचेमागचा काटा सरकवी. काचेवर आकडे असत मीटरचे. ४११ वर हैदराबादचे ‘डेक्कन रेडिओ’, म्हणजे निजाम सरकारचा आवाज. १९३५ पासून तो सरकारी झाला होता. २४४ वर ऑल इंडिया रेडिओचे मुंबई केंद्र. या दोन आकड्यांमध्ये अंतर वीतभरही नसे. त्या वीतभरात दोन राज्ये होती.

शिवाय १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले. हिंगोलीहून नागपूर सरळ रेषेत सुमारे २५० किलोमीटर, तर हैदराबाद ३००. शत्रूचे म्हणवले जाणारे केंद्र राजधानीपेक्षा जवळ! मुंबई मात्र साडेचारशे किलोमीटरवर. दिवसा वातावरणाचा खालचा विद्युतभारित थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन दूर पोहोचतात. म्हणून मुंबई ऐकायची ती रात्रीच. भाद्रपदातल्या विजांची खरखर वेगळीच.

आता रझाकारांच्या दहशतीच्या त्या महिन्यांत हे किती जोखमीचे, याचा विचार करा. छपरावरची एरियलची तार साऱ्या गावाला दिसे. घरात रेडिओ आहे हे लपत नसे. काटा कुठे आहे, हे मात्र बाहेरून कळत नसे. आवाज कुजबुजीइतका ठेवायचा, कान जाळीला लावायचा आणि ऐकून झाले की काटा पुन्हा ४११ वर आणायचा. ऐकल्याचा पुरावा उरत नसे. छापील वृत्तपत्राला ही सोय नव्हती.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद राज्यात शिरल्या. १७ तारखेच्या संध्याकाळी निजाम मीर उस्मान अली खान यांनी स्वतः रेडिओवरून युद्धविराम जाहीर केला. त्या संध्याकाळी काटा २४४ वर नेण्याची गरज उरली नव्हती. बातमी ४११ वरच आली.

१ एप्रिल १९५० रोजी डेक्कन रेडिओ ऑल इंडिया रेडिओत विलीन झाले. ४११ मीटर म्हणजे ७३० किलोहर्ट्झ. हैदराबाद केंद्राची वारंवारता पुढे ७३८ झाली. जुन्या सेटवर काटा जेमतेम केसभर सरकतो.