मेदकच्या दगडांचा माग

'दुष्काळात बाटले' हे शब्द मराठीत अजून कानावर येतात. नगरकडे येतात, जालन्याकडे येतात, आणि इथे हैदराबादेतल्या मराठी घरांतही येतात. भाकरीसाठी देव बदलला, एवढंच बोलणाऱ्याला म्हणायचं असतं. मेदकचं चर्च पाहिल्यापासून मला ते ऐकवत नाहीत. हा आरोप कुठून आला आणि तो खरा किती, याचा माग त्या चर्चच्या दगडांवरूनच काढता येतो.

हैदराबादेहून मेदक शंभरेक किलोमीटर. चर्चचा मनोरा पावणेदोनशे फुटांच्या आसपास, आत पाच हजार माणसं मावतील एवढी जागा. रंगीत काचांच्या तीन थोरल्या खिडक्यांत येशूचा जन्म, क्रूस आणि स्वर्गारोहण. हे चर्च उभारणारे चार्ल्स वॉकर पोस्नेट हे वेस्लियन मिशनचे पाद्री १८९५ मध्ये सिकंदराबादला आले, गोऱ्या शिपायांच्या छावणीत. तिथे त्यांचं मन रमेना. ते खेड्यांकडे वळले आणि मेदकला स्थिरावले. चर्चचं काम १९१४ मध्ये सुरू झालं आणि २५ डिसेंबर १९२४ रोजी ते उपासनेसाठी खुलं झालं. या दहा वर्षांत महायुद्ध झालं, १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि पाऊसही रुसला. नुसतं धान्य वाटण्यापेक्षा हाताला काम द्यावं, हे पोस्नेट यांनी ठरवलं. उपाशी खेड्यांतली माणसं दगड फोडू लागली, टोपल्या वाहू लागली. ज्यांच्या घरी १९७२ च्या दुष्काळातल्या खडीची आणि सुकडीची आठवण आहे, त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

ही रीत पोस्नेट यांची स्वतःची नव्हे. लखनौचा बडा इमामबाडा १७८४ च्या दुष्काळात नवाब असफउद्दौलाने अशाच कामातून उभारला. पण मेदकचा जवळचा पूर्वज तेलुगू मुलखातच आहे, आंध्र किनाऱ्यावरच्या ओंगोलला.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ. ओंगोलचे अमेरिकन बाप्टिस्ट पाद्री जॉन क्लाफ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या सुमारे साडेतीन मैलांच्या खोदाईचं कंत्राट घेतलं. मजूर बरेचसे अस्पृश्य मानल्या गेलेल्या मादिगा जातीचे, आणि मुकादम म्हणून मिशनचेच उपदेशक. दिवसभर माती, संध्याकाळी प्रार्थना. लोक बाप्तिस्मा मागू लागले तेव्हा क्लाफ यांनी नकार दिला. एकदोन आठवडे नव्हे, सव्वा वर्ष. धान्य हातात असताना मागितलेला बाप्तिस्मा द्यायचा नाही, हा त्यांचा निश्चय होता. मदत संपली, पीक आलं. आता मिशनकडून मिळण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तरीही लोक आले. ३ जुलै १८७८ रोजी वेलंपल्लीजवळ गुंडलकम्मा नदीत २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. सहा पाद्री, दोघे दोघे आळीपाळीने पाण्यात उभे.

मला या सगळ्या इतिहासात तो नकार सर्वांत मोठा वाटतो. नव्या करारातल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वासाच्या परीक्षेला आगीत पारखलेल्या सोन्याची उपमा आहे. सोनाराच्या मुशीपाशी बसलेल्याला ठाऊक असतं की आग सोनं जन्माला घालत नाही, हिणकस तेवढं वेगळं करते. भुकेने विश्वास निर्माण होतो असं कोणी म्हणू नये. भूक माणसाला लाचारही करते. क्लाफ यांनी भूक ओसरेपर्यंत थांबून मग कस लावला.

विश्वासाची अशी परीक्षा निजामाच्या राज्यात काम केलेल्या एका मराठी माणसानेही दिली होती. नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातले, १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. धाकटा भाऊ श्रीपत कोणाकडे राहावा, हा वाद कोर्टात गेला. मुलगा घरच्यांकडे परत आला तरी जात त्याला घेईना. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. नारायणरावांनी घर आणि भाऊ दोन्ही गमावले. पुढे ते जालन्यात मांग-महारांमध्ये राहिले आणि हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल हे गाव वसवलं. गावकुसाबाहेरच्या माणसाला स्वतःचं गाव! जालन्याला आजही ते नाव आहे.

पंडिता रमाबाईंचं तर बालपणच दुष्काळाने खाल्लं. आई, वडील, बहीण उपासमारीत गेली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्या मुली घेऊन आल्या आणि केडगावचं मुक्ती मिशन त्या मुलींनी भरलं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामात राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

आता मेदकला परत येतो. तिथली मंडळी मुख्यतः माला आणि मादिगा या दलित समाजांतली. धान्य कधीच संपलं आणि १९५० मध्ये हिशेबच उलटला. त्या वर्षीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. तेलंगणात त्यांना मागासवर्गाच्या 'बीसी-सी' गटात एक टक्का जागा आहे. म्हणजे जातीचा चटका तोच, संरक्षण मात्र नाही. कित्येक जण मुलांच्या शिक्षणासाठी कागदावर हिंदूच राहतात, मनाने चर्चमध्ये असतात. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. सरकारने त्यांच्यापुढे जी निवड ठेवली आहे ती मुळातच अन्यायाची आहे.

पण जे दाखल्यावरही ख्रिस्ती लिहितात, त्यांना पदरचं मोजावं लागतं: वसतिगृह, शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव मतदारसंघ. जातीने परत घेतलं तर यातलं बरंच परत मिळू शकतं, हेही त्यांना ठाऊक असतं. तरी २५ डिसेंबरच्या पहाटे मेदकचं आवार भरून जातं. 'दुष्काळात बाटले' हे शब्द आपण मराठी माणसांनी तरी आता तोंडातून काढून टाकावेत.