एका शेरात किती ग्रॅम? प्रश्नच अर्धा आहे!

आजचा एपिसोड माझ्या फसलेल्या चकल्यांबद्दल आहे. हसू नका, त्यामागे दोन-एकशे वर्षांचा इतिहास आहे.

गेल्या दिवाळीत आजीकडून फोनवर भाजणीचं प्रमाण लिहून घेतलं. तांदूळ एक शेर, हरभऱ्याची डाळ एक मापटं, उडीद डाळ एक चिपटं, पातळ पोहे एक चिपटं. माझ्याकडे मापटं-चिपटं कुठलं? डिजिटल काटा होता. मोबाईलवर शोधलं तर १ शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, म्हणजे चिपटं झालं २३३ ग्रॅम. हिशोब एकदम चोख! पोह्यांचा डोंगर झाला तेव्हाच शंका यायला हवी होती. चकल्या भरपूर तेल प्यायल्या आणि हात लावला की तुटल्या.

चूक कुठे झाली? आपल्याकडे शेर दोन होते. एक तराजूतला, वजनाचा. दुसरा धान्याचा, म्हणजे चक्क एक भांडं. चिपटं, मापटं, शेर आणि चार शेरांची पायली, ही सगळी भांडी. लग्नात नवी नवरी उंबऱ्यावरचं माप ओलांडते ना, ते याच घराण्यातलं. खळ्यावर धान्याची रास पडली की भांडं बुडवायचं, भरायचं, मोजायचं. तराजू लागतच नाही.

बरं, वजनाचा शेर तरी एक होता का? तोही नाही. इंग्रजांच्या काळात मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून थोडा जास्त. दोन्हीकडे ४० शेरांचा मण. म्हणजे मुंबईचा शेर साधारण ३१८ ग्रॅम, तर बंगालचा ९३३! १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरला आणि ८० तोळ्यांचा शेर सरकारी झाला. मोबाईलने मला दिला तो हा शेर. आजीच्या भांड्याशी त्याचा काही संबंध नाही.

भांड्याने मोजण्यात अजून एक गोम आहे. सपाट भरलं की शिगोशीग? अलगद ओतलं की हलवून दाबून बसवलं? भांडं तेच, पण धान्य कमी-जास्त. देताना हात फिरवून सपाट करायचं आणि घेताना शीग लावून घ्यायचं, हा खेळ ज्याच्या हातात माप त्यालाच जमायचा. 'मापात पाप' उगाच नाही म्हणत. मार बसायचा तो उधारीवर धान्य नेणाऱ्याला.

म्हणून मला किलोचं कौतुक वाटतं. १९५६ मध्ये कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने नवी वजनं आली आणि एप्रिल १९६२ पासून व्यवहारात जुन्या वजनांना बंदी आली. काट्याला शीग कळत नाही. त्यामुळे दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांना एकच आकडा दिसतो.

पण स्वयंपाकघरात भांडं टिकलं, कारण तिथे फसवायचं कुणाला? फक्त त्याचं वजनात रूपांतर करताना 'कशाचं?' हे विचारावंच लागतं. लिटरभर पाणी १ किलो, तांदूळ सुमारे ८०० ग्रॅम, पातळ पोहे त्याच्या निम्मेही नाहीत. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटाचा टाइप न बघता कन्व्हर्ट केलं की बग येणारच.

शेवटी काटा घेऊन गावी गेलो. आजीला म्हटलं, "तू भर, मी तोलतो." तिने चिपटं भरलं, दोनदा आपटलं, वरून हात फिरवला. तांदूळ २२० ग्रॅम, पोहे ६५. आणि मी घातले होते २३३! आजी म्हणाली, "अरे, आपटायचं असतं हे सांगायला पाहिजे होतं का तुला?"

हो आजी, पाहिजे होतं. ते कुठल्याच कोष्टकात नाही.

तर मंडळी, तुमच्या घरात असं एखादं माप किंवा ठरलेली वाटी असेल, तर ते ज्या हाताने भरलं जातं त्याच हाताने भरून घ्या, प्रत्येक जिन्नस वेगळा तोला आणि आकडे लिहून ठेवा. येत्या सुट्टीतच करा, पुढच्या दिवाळीची वाट बघू नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!