बेकारीतलं गाणं

पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली दिल्लीत माहिती व नभोवाणी मंत्री झाले. सिनेसंगीताने देशाची रुची बिघडते आहे, अशी त्यांची ठाम धारणा होती. आकाशवाणीवरची सिनेगीतं आधी कमी झाली, मग जवळजवळ नाहीशीच झाली. त्याच वर्षी जुलैत शनिवार रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

संस्थानं विलीन झाल्यावर दरबारचा आधार तुटलेल्या गवयांना या धोरणाने काम दिलं, हे विसरून चालणार नाही. संगीतज्ञ श्रीकृष्ण रातंजनकरांच्या निवड मंडळापुढे ऑडिशन द्यायची, श्रेणी मिळवायची. नामवंतांना त्याचा रागही आला. पण आकाशवाणीमुळे कितीतरी कलावंतांच्या चुली पेटत्या राहिल्या.

त्याच दिल्लीत माझे थोरले काका कारकुनी शोधत होते. करोलबागेत तिघांत एक खोली, सकाळी टायपिंगचा सराव, मग कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायचे. बालगंधर्वांच्या पदांवर वाढलेला हा माणूस बुधवारी रात्री आठला पानाच्या दुकानापुढे उभा राहायचा. पानवाला काटा हळूहळू सरकवत लघुलहरींवर रेडिओ सिलोन पकडायचा. अमीन सायानींची सिनेगीतांची ‘बिनाका गीतमाला’ लागायची. आवाज मधेच बुडायचा, पुन्हा वर यायचा. काका सांगायचे, ‘नकाराचं पत्र आलं की आलाप ऐकवत नसे. पुढची ओळ ठाऊक असलेलं गाणं हवं असायचं. बाकी कशाचाच भरवसा नव्हता.’ नोकरी लागल्यावर तेच काका शनिवारी जेवण आटोपून ख्याल ऐकायला बसू लागले.

कान तेच होते, निवांतपणा नवा होता. विलंबित ख्यालाला लागणारा धीर बेकारीत आधीच खर्च झालेला असतो. केसकरांनी संगीताची सेवाच केली, असं मी मानतो. मात्र रुची संस्काराने घडते तशी ती परिस्थितीनेही ठरते, हे त्यांनी हिशेबात धरलं नाही. श्रोते सिलोनकडे वळले, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला सिनेगीतं ऐकवणारी विविध भारती सुरू करावी लागली.

आज त्याच दिल्लीतल्या ओल्ड राजेंद्रनगरात यूपीएससीच्या निकालाची वाट पाहणारी आपली मुलं रात्री तीच तीच गाणी कानात घालून पडलेली असतात. घरून फोनवर विचारणा होते, ‘अभ्यास सोडून गाणी कसली ऐकतोस?’ त्यांना ऐकू द्यावं. वाट पाहायलाही बळ लागतं, आणि ज्याला ते ज्या गाण्यातून मिळेल, त्याच्यासाठी ते गाणं त्या दिवसांपुरतं उत्तमच.