विश्रामबागेला विश्रांती नाही

आमच्या गावाचं नाव बदललं, माणसं तीच राहिली. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं, तरी आमचे आजोबा शेवटपर्यंत एदलाबादचंच तिकीट मागत आणि कंडक्टरही निमूटपणे देई. याच्या नेमका उलटा प्रकार मी पुण्यात पाहिला.

बँकेनं ट्रेनिंगला पाठवलं होतं. बाजीराव रस्त्यावर पावसानं गाठलं म्हणून एका नक्षीदार लाकडी सज्जाखाली उभा राहिलो. तो निघाला विश्रामबागवाडा! नाव तेच, माणसं मात्र दर पिढीला वेगळी.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या बाजीरावांनी हा वाडा हौसेनं बांधला. नावातच विश्राम. पण नोव्हेंबर 1817 मध्ये खडकीची लढाई झाली आणि श्रीमंतांना पुणं सोडावं लागलं. मालकाची विश्रांती संपली आणि वाड्याचीही. 6 ऑक्टोबर 1821 ला इंग्रजांनी इथं संस्कृत पाठशाळा उघडली. ती वाढत वाढत पुढे डेक्कन कॉलेज झाली. वाड्यात मग शाळा भरली, पालिकेच्या कचेऱ्या आल्या, पोस्टही आलं. पेशव्यांच्या वाड्यात माझ्यासारखाच कुणीतरी डब्याची वाट पाहत शिक्के मारत बसला असेल, या विचारानं माझी छाती दोन इंच फुगली.

मे 1879 मध्ये कुणीतरी हा वाडा आणि बुधवारवाडा दोन्ही पेटवून दिले. तिकडे वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड चाललेलं. सरकारला पुण्यातल्या शहाण्या माणसांचा संशय आला आणि न्यायमूर्ती रानड्यांची बदली झाली थेट आमच्या खानदेशात, धुळ्याला! 'खानदेशात बदली' म्हणताच आमच्या हेड ऑफिसातले साहेब अजून का दचकतात, याचा उलगडा मला त्या सज्जाखाली झाला.

विश्रामबागेचा जळालेला भाग पुन्हा बांधला गेला. बुधवारवाडा मात्र गेला तो गेलाच.

पाऊस थांबला, पण माझा पाय निघेना. गावी आमचं धाब्याचं घर होतं. आजी होती तोवर दर उन्हाळ्यात धाब्यावर खारी माती पडायची. आजी गेली. वाटण्यांचा वाद नको म्हणून आम्ही भावांनी एकमतानं एकच गोष्ट केली, भलंमोठं कुलूप लावलं. कुणी शिक्षक भाड्यानं मागायला आले होते. "वाडवडिलांची वास्तू, परक्याला कशी द्यायची?" असं मीच बाणेदारपणे म्हणालो. तिसऱ्या पावसाळ्यात धाबं खाली आलं. कुलूप अजून शाबूत आहे. चांगल्या कंपनीचं होतं.

घराला आग, पाऊस, सरकार, सगळं सोसतं. विश्रांती तेवढी सोसत नाही.

परत आल्यावर मी थोरल्या भावाला म्हटलं, "दादा, त्या मास्तरांना तेव्हा हो म्हणायला हवं होतं रे."

दादा म्हणाला, "नको कोण म्हणालं होतं?"